ईव्हीची रेंज पडली? बॅटरीवर खापर फोडण्याआधी काय काय तपासायचं (नाशिकच्या रस्त्यांसाठी)

लक्षणं

तक्रार एकच असते, "रेंज पडली". दुखणी मात्र निरनिराळी असतात. तुमची गाडी यातल्या कुठल्या ओळीत बसते ते आधी ठरवा.

- फुल चार्जला पूर्वी स्क्रीनवर ३०० दिसायचे, आता २४० दिसतात. चालवताना बाकी काही फरक नाही.
- गंगापूर रोड ते सातपूर ये-जा ठीक, पण हायवेला लागलं की टक्के भराभर उतरतात.
- मुंबईला निम्म्या बॅटरीत पोचलो. परतीला तेवढ्याच बॅटरीत घोटीच्या पुढे सरकता येईना.
- पावसाळा संपल्यावर किंवा टायर बदलल्यावर हे सुरू झालं.
- रात्री ६२ टक्के ठेवून झोपलो, सकाळी ५७.
- घरच्या मीटरवर ४५ युनिट पडतात, गाडीची बॅटरी ४० चीच आहे.
- वीस टक्क्यांपर्यंत सुरळीत, मग १८ वरून थेट ७.

शेवटच्या ओळीतली गाडी असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट "इथे थांबा" या भागाकडे जा. मीटरच्या ४५ युनिटांची तक्रार हा बिघाडच नाही. एसी चार्जिंगमध्ये (म्हणजे घरच्या विजेवर; इथे एसी म्हणजे वातानुकूलन नव्हे) १० ते १५ टक्के वीज ऑनबोर्ड चार्जर (गाडीच्या आतला चार्जर), वायर आणि पंखे-पंपांत जाते. १५ ॲम्पिअरच्या सॉकेटवर रात्रभर लावलं तर हे नुकसान जास्त असतं, ७ किलोवॉटच्या वॉलबॉक्सवर थोडं कमी.

सगळ्यात आधी एक भागाकार (खर्च शून्य)

रेंज दोनच कारणांनी कमी होते. एक तर गाडी दर किलोमीटरला जास्त वीज खाते, नाहीतर बॅटरीत वीज कमी मावते. पेट्रोलच्या भाषेत, ॲव्हरेज पडलं की टाकी लहान झाली? हे ठरवल्याशिवाय केलेला प्रत्येक खर्च अंदाजपंचे असतो, आणि स्क्रीनवरचा "इतके किमी बाकी" हा आकडा इथे काही कामाचा नाही. तो मागच्या काही किलोमीटरच्या चालवण्यावरून पुढचा अंदाज बांधतो. काल त्र्यंबकहून सावकाश आलात तर आज तो उदार असतो, काल समृद्धीवर पळवली असेल तर आज कंजूष.

म्हणून असं करा. गाडी १०० टक्के चार्ज करा, ट्रिप बी (दुसरा ट्रिप मीटर) शून्यावर आणा आणि नेहमीसारखी चालवत २० टक्क्यांपर्यंत न्या. दोन-चार दिवस लागले तरी चालेल, मध्ये चार्ज मात्र करायची नाही. मग तीन आकडे लिहून ठेवा: किलोमीटर, वापरलेले टक्के, आणि ट्रिपवर दिसणारा सरासरी वापर (बहुतेक गाड्यांत वॉट-तास प्रति किमी, काहींत उलटा, म्हणजे किमी प्रति युनिट).

समजा २१५ किमी झाले, ८० टक्के गेले आणि सरासरी १३८ आली. २१५ गुणिले १३८ म्हणजे २९.७ युनिट. हे ८० टक्क्यांत, तर १०० टक्क्यांत ३७. गाडीची वापरता येणारी बॅटरी ४० युनिटची असेल तर ही साधारण ९३ टक्के उरली आहे. तीन-चार वर्षांच्या गाडीला हे अगदी ठीक. याच हिशेबात ३० आले तर टाकीच लहान झाली आहे. हवा-बिवा तपासण्यात फार वेळ न घालवता कॅलिब्रेशनच्या (बॅटरीचं मोजमाप जुळवण्याच्या) परिच्छेदाकडे या. आणि ३७-३८ येऊनही सरासरी पूर्वीच्या ११५ वरून १३८ वर गेली असेल तर बॅटरी निर्दोष आहे, गाडी कशाशी तरी झगडते आहे. पुढच्या बहुतेक तपासण्या याच दुसऱ्या प्रकारासाठी.

एक खुलासा. जाहिरातीतला आकडा एमआयडीसीचा असतो. सातपूर-अंबडची नव्हे, मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद, कमाल वेग ताशी ९० आणि तोही थोडाच वेळ. त्या आकड्याच्या ७० ते ७५ टक्के रस्त्यावर मिळाले तर गाडी तंदुरुस्त आहे. तुलना नेहमी आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्यांशी करा, ब्रोशरशी नको.

सेटिंग (पाच मिनिटं)

चार्ज लिमिट ८० वर राहिलेली असते आणि घरात दुसऱ्या कुणीतरी ॲपवरून लावलेली असते. रिजन (वेग कमी करताना वीज बॅटरीत परत भरणारी सोय) शून्यावर, मोड स्पोर्टवर. बघून घ्या, पुढे चला. नुकतंच सॉफ्टवेअर अपडेट झालं असेल तर स्क्रीनवरचा अंदाज बदलू शकतो. आपला भागाकार पुन्हा करून पाहा, तो फसत नाही.

वेग आणि एसी

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. १,६०० किलोची कॉम्पॅक्ट एसयूव्ही, सपाट रस्ता, वारा पडलेला, असं धरून हिशेब केला तर ताशी ८० ला किलोमीटरमागे साधारण १२५ वॉट-तास लागतात, १०० ला १६०, आणि १२० ला २१०. ४० युनिटच्या बॅटरीत याचे अनुक्रमे ३२०, २५० आणि १९० किमी होतात. समृद्धीवर १२० ची मुभा आहे म्हणून १२० धरणाऱ्याची रेंज "पडलेली" नसते, त्याने ती हवेला दिलेली असते. समोरून ताशी २० चा वारा असेल तर ८० ने जाताना हवेपुरता खर्च १०० चा पडतो. जून ते सप्टेंबरात मुंबईकडे जाताना हा पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, शिवाय ओल्या रस्त्यावर टायरला पाणी कापत जावं लागतं. पावसाळ्यातली दहा टक्क्यांची घट हा दोष समजू नका.

एसीचं गणित नेमकं उलटं आहे आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. कॉम्प्रेसर किलोमीटरवर नाही, तासावर खातो. केबिन थंड झाल्यावर साधारण सव्वा किलोवॉट धरा. हायवेला ताशी ८० असताना हे किलोमीटरमागे जेमतेम १५ वॉट-तास होतात. द्वारका चौक ते नाशिक रोड संध्याकाळी ताशी १५ ने सरकताना तेच ८० होतात. म्हणजे लांबच्या प्रवासात घाम पुसत एसी बंद ठेवण्याने फारसं काही वाचत नाही. वाचवायचं तर शहरात वाचवा. मे महिन्यात उन्हात उभी गाडी सुरू केली की पहिली दहा मिनिटं कॉम्प्रेसर याच्या दुप्पट ओढतो, म्हणून प्लग लावलेला असतानाच ॲपवरून केबिन गार करून घ्या. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पहाटे निघत असाल तर हीटर याहून खादाड असतो. तेव्हा २-४ किमीच्या फेऱ्यांची सरासरी दुप्पट दिसली तरी घाबरू नका.

घाट: हिशेब चुकतो तो इथे

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. १,६०० किलोची गाडी ६०० मीटर उचलायला २.६ युनिट लागतात, मोटर-इन्व्हर्टरचं नुकसान धरून ३. उतरताना यातले सगळे परत मिळत नाहीत. सावकाश उतरलात तर साधारण २ वाचतात. नाशिक-मुंबई १६५ किमीला सपाटीच्या हिशेबाने २३ युनिट धरले तर जाताना २१ आणि येताना २६. पाच युनिटांचा फरक, म्हणजे ४० च्या बॅटरीत १२ टक्क्यांच्या वर, म्हणजे सुमारे ३५ किमी. परतीला घोटीजवळ गाडी दम टाकते ती याच कारणाने. नियम सोपा आहे: जाताना जितके टक्के लागले त्यात १५ मिळवा, तेवढे मुंबईहून निघताना हवेतच. वर जो राखीव ठेवता तो वेगळा.

कसारा घाटातच यातली निम्मी उंची दहा-बारा किलोमीटरात चढावी लागते. तिथे सरासरी दुपटीच्या आसपास जाते आणि "इतके किमी बाकी" भराभर कोसळतो. इगतपुरीला तो आकडा पाहून चार्जर शोधत फिरण्याची गरज नसते. टक्के बघा, किमी नको. वर आल्यावर सपाटीला पंधरा-वीस किमी झाले की अंदाज आपोआप सावरतो. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा टप्पा सुरू झाल्यापासून "बोगद्यातून गेलो तरी रेंज तेवढीच लागली" असंही ऐकू येतं. बोगद्याने वळणं चुकतात, उंची चुकत नाही.

आणखी एक. इगतपुरीत मुक्काम करून १०० टक्के चार्जने घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत रिजनची वीज घ्यायला जागाच नसते, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि फुकटची वीजही जाते. ९० ला थांबवून निघा. वणीच्या गडाहून किंवा त्र्यंबकच्या बाजूने उतरतानाही हेच.

हवा आणि टायर (शून्य ते काही हजार)

हवा गार टायरमध्ये, सकाळी, गाडी दोन किमीपेक्षा जास्त चालायच्या आत बघायची. आकडा ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या बाजूला लिहिलेला कमाल दाब असतो, तो नाही. पंपावरच्या मीटरवर भरवसा ठेवू नका, तीन-चारशेचा स्वतःचा गेज घ्या. मे महिन्यात ३८ अंशांत भरलेली ३५ ची हवा डिसेंबरच्या १० अंशांच्या सकाळी, कुठेही गळती नसताना, ३०-३१ वर येते. शिवाय दर महिन्याला एखादा पीएसआय मुरतो तो वेगळा. ईव्ही वजनाला जड, त्यामुळे कमी हवा तिला जास्त नडते. पण हवेचा बाऊही नको: चार-पाच पीएसआय कमी असल्याने रेंज दोन-चार टक्के जाते, तीस नाही.

टायर बदलल्यावर मात्र खरा फरक पडतो. कंपनीचे मूळ टायर कमी रोलिंग रेझिस्टन्सचे असतात, आणि झिजलेला टायर तर नव्यापेक्षाही हलका फिरतो. म्हणजे झिजलेला चांगला टायर काढून साधा नवा टाकला की दोन्हीकडून मार बसतो, ५ ते १० टक्के रेंज एका दिवसात जाते, आणि "टायर बदलताना बॅटरीला काहीतरी झालं" अशी शंका येते. दुकानदाराला साइज सांगून थांबू नका, कमी रोलिंग रेझिस्टन्सचा ईव्ही टायर मागा. साइजही तीच ठेवा. २१५/६० आर १६ च्या जागी २१५/६५ बसवला तर चाकाचा घेर सव्वातीन टक्के वाढतो, मीटर तेवढे किमी कमी मोजतं आणि नसलेली घट कागदावर दिसते.

टपावरचं कॅरिअर रिकामं असलं तरी हवा अडवतं. काम झालं की काढून ठेवा.

रात्रीतून उतरणारे टक्के

४० युनिटच्या बॅटरीत पाच टक्के म्हणजे २ युनिट. दहा तासांत २ युनिट म्हणजे रात्रभर २०० वॉट चालू. वायर ओढून बसवलेला डॅशकॅम पाच-दहा वॉट घेतो, तेव्हा तो एकटा गुन्हेगार असूच शकत नाही. संध्याकाळी फास्ट चार्ज करून आलात तर बॅटरी गार करणारे पंप-पंखे काही वेळ चालतात; तो दिवस मोजणीत धरू नका. ॲप मिनिटामिनिटाला उघडू नका, दर वेळी गाडी जागी होते. चावी गाडीपासून लांब ठेवा. असं करून सलग तीन रात्री टक्के लिहा. तरीही दोन-तीनच्या वर जात असतील तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा: गाडी काही तास बंद राहिल्यावर मल्टिमीटरवर लेड-ॲसिडला १२.४ च्या खाली म्हणजे ती थकली आहे आणि मोठी बॅटरी तिला सारखी पाजते आहे. तीन-चार वर्षांनी ती बदलावीच लागते.

घासणारा ब्रेक

पावसाळ्यानंतरच्या तक्रारींत इथे हमखास बघायचं. ईव्हीत बहुतेक वेग रिजननेच कमी होतो, ब्रेक फारसे वापरलेच जात नाहीत. डिस्क गंजते, कॅलिपरच्या पिना चिखल-पाण्याने जड होतात, आणि पॅड डिस्क सोडत नाही. फक्त पाच किलोच्या जोराने मागे ओढणारा एक ब्रेक किलोमीटरमागे १४ वॉट-तास खातो. म्हणजे दहा टक्के रेंज, आणि चालवताना पत्ताही लागत नाही.

पहिली चाचणी: अगदी सपाट जागा, उदाहरणार्थ बेसमेंट पार्किंग. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, ऑटो-होल्ड (गाडी थांबली की ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) बंद, आत एक जण पाय ब्रेकजवळ ठेवून. एका माणसाच्या रेट्याने गाडी हलली पाहिजे.

दुसरी: आडगावच्या पुढे मोकळ्या हायवेला पंधरा-वीस किमी चालवा, शेवटचा किलोमीटर ब्रेक न लावता रिजनवरच वेग कमी करून थांबा. हजाराच्या आसपास मिळणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकं मोजा. चकचकीत डिस्कवर हे यंत्र चुकतं, म्हणून रिमच्या मध्यभागी, प्रत्येक चाकाला त्याच जागी मोजायचं. पुढच्याची तुलना पुढच्याशी, मागच्याची मागच्याशी. डाव्या-उजव्यात पंधरा-वीस अंशांचा फरक दिसला तर गरम बाजूचा ब्रेक चिकटतो आहे. हाताने चाचपू नका, भाजेल.

नुसता गंज असेल तर रिजन सर्वांत कमी करून रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक लावा, दोन वेळांमध्ये मिनिटभर मोकळी चालवा. त्याने भागलं नाही तर पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावणं हे मेकॅनिकचं काम. त्याला एक गोष्ट बजावून सांगा: जॅक किंवा लिफ्टचे पाय नेमलेल्या जॅक पॉइंटलाच. पेट्रोल गाडीच्या सवयीने मध्ये टेकवला तर तो थेट बॅटरीच्या खोक्याला लागतो, आणि दोनशे रुपयांच्या ग्रीसपायी लाखांचं नुकसान होतं.

ब्रेक मोकळे निघाले तर व्हील अलाइनमेंट. टायरवरून तळहात आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखा लागला तर टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडला आहे. चाकातून वेगानुसार वाढणारी घूं-घूं येत असेल तर बेअरिंग.

टाकीच लहान दिसत असेल तर: कॅलिब्रेशन

आपल्याकडच्या बऱ्याच ईव्हींत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आहे. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमला ५० टक्के आणि ६० टक्के यांतला फरक व्होल्टेजवरून नीट कळत नाही. ती आत-बाहेर गेलेली वीज मोजून अंदाज ठेवते आणि तो अंदाज हळूहळू सरकतो. सतत ३० ते ८० मध्येच चालवणाऱ्यांच्या गाडीत हे जास्त होतं. म्हणून एलएफपीला आठवड्यातून एकदा १०० टक्के करायला बहुतेक कंपन्या सांगतात. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट, दुसरा प्रकार) असेल तर उलट, रोज ८० पुरे. कुठली आहे ते गाडीच्या पुस्तिकेत बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

१० ते १५ टक्क्यांपर्यंत उतरवा. दोन-तीन तास गाडी तशीच उभी ठेवा. मग फास्ट चार्जर नको, घरच्या एसी चार्जरवर १०० पर्यंत न्या आणि १०० दिसल्याबरोबर काढू नका. वरच्या टोकाला सेलांचं बॅलन्सिंग चालतं, त्याला आणखी तास-दोन तास लागू शकतात. चार्जर आपण होऊन थांबेपर्यंत लावून ठेवा. असं दोनदा करून वरचा भागाकार पुन्हा करा. फरक इथेच भरून निघाला तर गाडीत काही बिघडलेलं नव्हतं, गाडीचं मोजमाप बिघडलं होतं.

इथे थांबा आणि सर्व्हिस सेंटर गाठा

- टक्के पायऱ्या सोडून उडी मारतात (१८ वरून ७), किंवा चार्ज असूनही गाडी कासवगतीला येते. एखादा सेल-गट कमजोर असण्याची शक्यता दाट. लांब जाऊ नका.
- बॅटरीचा किंवा हाय व्होल्टेजचा इशारा लागला. खालून खरचटलं, खोक्याला पोचा आला. पाणी साचलेल्या रस्त्यातून गेल्यावर काही बदललं.
- जळका किंवा गोडसर वास, कूलंट गळती. चार्जिंग बंद करा, गाडी घरापासून लांब मोकळ्यावर उभी करा.
- दोनदा कॅलिब्रेशन करूनही भागाकार ८० टक्क्यांच्या खाली येतो.

नारिंगी वायरला, तिच्या कव्हरला किंवा बॅटरीच्या एकाही बोल्टला हात लावू नका. आत ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असतं आणि गाडी बंद केल्याने सेलांतला व्होल्टेज बंद होत नाही. "पॅक खोलून दोन सेल बदलून देतो" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका, वॉरंटीही जाते. बहुतेक कंपन्यांची बॅटरी वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी अशी असते. क्षमता किती टक्क्यांखाली आली की बदलून मिळते, हे आपल्या वॉरंटीच्या कागदात शोधून जा.

जॉब कार्डवर "रेंज कमी" एवढंच लिहू देऊ नका. त्यावर "तपासले, सर्व ठीक" असं लिहून गाडी परत येते. वरच्या भागाकाराचे तीन आकडे, तारीख आणि ओडोमीटर लिहायला लावा. मागायचं ते नावानिशी मागा: बॅटरीची एसओएच टक्केवारी (नव्याच्या तुलनेत किती क्षमता उरली), साठवलेले फॉल्ट कोड, आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त सेल व्होल्टेज, एकदा १०० टक्क्यांना आणि एकदा १५ टक्क्यांना. मधल्या टक्क्यांवर एलएफपीचा आजारी सेलही निरोगी दिसतो, म्हणून ६० टक्क्यांवर काढलेला रिपोर्ट घेऊन परत येऊ नका.